पोच

फोन आला तेव्हा मी रोकड जुळवत होते. ११ एप्रिल २०२५, शुक्रवार, संध्याकाळचे सात चाळीस. पलीकडून विचारणा झाली, "सुहास तुमचा कोण लागतो?" धाकटा भाऊ, म्हटलं. "त्यांना अटक केलीय. एस.टी. स्टँडवर राडा झाला. नातेवाईकाला कळवलं अशी नोंद घालायचीय, तुमचं पूर्ण नाव सांगा." नाव सांगितलं. मग तो आवाज जरा उतरला. "सुखरूप आहेत. पण या लवकर. लई बोलतायत."

'लई बोलतायत' म्हटल्यावर बाकीचं मला विचारावं लागलं नाही.

सुहासला (नाव बदललं आहे) बायपोलर आहे, मन कधी बेफाम चढतं तर कधी खोल उदासीत जातं असा आजार, अकरा वर्षं. आमच्या घरात या आजाराला नाव नाही, फक्त दिशा आहेत. 'वर गेलाय' किंवा 'खाली गेलाय'. मार्चच्या शेवटी तो वर जायला लागला होता आणि ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी पतसंस्थेत आवक-जावक सांभाळते, मार्चअखेरीला आम्हाला मान वर करायला फुरसत नसते. तो रात्र रात्र जागून दोनशे पानी वहीत एस.टी.चं नवं वेळापत्रक तयार करत होता. त्या शुक्रवारी ती वही घेऊन तो चौकशीच्या खिडकीशी गेला. वाहतूक नियंत्रकाने वही घ्यायला नकार दिला. याने खिडकीची काच फोडली, मध्ये पडलेल्या वाहकाला ढकललं, त्या माणसाच्या तळहाताला सहा टाके पडले. तो वाहक आमच्याच शेजारच्या गावचा आणि त्याचा काडीचाही दोष नव्हता. हे आधी लिहून टाकते, कारण पुढचं सगळं वाचताना ते विसरायला होतं.

मी पोचले तेव्हा ठाणे अंमलदाराच्या टेबलावर सुहासच्या अंगझडतीतल्या वस्तू ओळीने मांडलेल्या होत्या. बेल्ट, बुटांच्या नाड्या, मोबाईल, ३४० रुपये, चष्मा, कापून काढलेला काळा करदोडा आणि आईने दर रविवारी रात्री भरून दिलेली गोळ्यांची डबी. आठवड्याची डबी असते ती, वरच्या ओळीत सकाळचे सात खण, खाली रात्रीचे सात. एक तरुण शिपाई खण उघडून गोळ्या मोजत होता आणि दुसरा लिहून घेत होता. "मोठ्या गोळ्या आठ. लहान गोळ्या सात."

मी आकड्यांत राहणारी बाई. तिथे उभ्या उभ्या हिशेब झाला. मोठी गोळी लिथियमची, सकाळी एक, रात्री दोन. शुक्रवार संध्याकाळपर्यंतच्या गेल्या, आठ उरल्या, बरोबर. लहान गोळी झोपेच्या वेळची, ओलान्झापिन, रोज एक. सातच्या सात शिल्लक. म्हणजे त्या आठवड्यात त्याने ती एकदाही घेतली नव्हती. तिने सुस्ती येते, वजन वाढतं, ही त्याची जुनी तक्रार. आई डबी भरत होती, डबी रोज खिशातून जात होती, आणि रिकामे खण बघायचं आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं. ते त्या शिपायाने केलं, मुद्देमाल म्हणून.

डबी मला परत द्या, रात्रीच्या गोळ्या द्यायच्यात, असं मी म्हटल्यावर अंमलदार म्हणाले, "सुट्ट्या गोळ्या आत जात नसतात मॅडम. कसल्या आहेत, कोणाच्या आहेत, आम्हाला काय कळणार? आधी दवाखाना होऊ दे."

त्यांचं चूक नव्हतं. पण करदोडा आणि औषध एकाच यादीत, एकाच कारणासाठी काढून ठेवलेलं बघून मला गलबलून आलं.

अटकेनंतरची वैद्यकीय तपासणी सरकारी दवाखान्यात होते. पोलिसांची यादी, म्हणजे तपासणीसाठीचं पत्र, जाते, डॉक्टर तपासतो, लिहून देतो. मी स्कूटीवरून मागोमाग गेले. अपघात विभागात एकच मुलगी डॉक्टर होती, पंचवीस-सव्वीसची, आणि आम्ही आत जातोय तेवढ्यात सर्पदंश झालेल्या एका बाईला जीपमधून आणलं. सुहासच्या वाट्याला चार मिनिटं आली. तिने शर्ट वर करून पाठ बघितली, मनगटावरचा ओरखडा बघितला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. तो तेवढ्या वेळात तिला सर्पदंशाच्या लसीसाठी स्वतंत्र एस.टी. कशी सोडता येईल ते सांगत होता. तिने कागदावर लिहिलं की शुद्धीवर आहे, प्रश्नांना उत्तरं देतो, ताज्या जखमा किरकोळ, कोठडीत ठेवण्यास योग्य.

पोलीस ठाण्याच्या भिंतीवर एक फलक असतो, अटकेबाबतच्या सूचनांचा, तुम्हीही पाहिला असेल. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ सालच्या डी. के. बसू प्रकरणातल्या त्या. अटक केलेल्या माणसाची दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासणी व्हावी, हे त्यातलंच. तो निकाल कोठडीतल्या मारहाणीतून आणि मृत्यूंतून आला, आणि तपासणीची नजरही तिथूनच आली आहे, असं मला त्या रात्री वाटलं. डॉक्टर वळ शोधतो. वळ नाहीत म्हणजे माणूस ठीक. सुहासच्या अंगावर वळ नव्हते, पोलिसांनी त्याला बोटही लावलं नव्हतं, तेव्हा तपासणीच्या दृष्टीने तो अगदी उत्तम होता.

खांदा दुखतोय असं तो म्हणाला. डॉक्टरने दुखण्याचं इंजेक्शन लिहिलं. अकरा वर्षांत मी एवढंच नीट शिकले आहे की लिथियम चालू असताना डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची औषधं चालत नाहीत, मूत्रपिंडातून लिथियम बाहेर जायचं मंदावतं आणि रक्तात साठतं. मी फाईल पुढे केली. तिने वाचली, कपाळाला हात लावला, इंजेक्शन खोडून पॅरासिटामॉल लिहिलं आणि केसपेपरवर जोडलं, 'जुना बायपोलर रुग्ण, लिथियम चालू. नेहमीची औषधे चालू ठेवावीत. भरपूर पाणी.' मला केवढं जिंकल्यासारखं झालं. ते टिकलं पुढचे चौदा-पंधरा तास.

ठाण्यात परतलो तेव्हा सव्वादहा झाले होते. माझ्या नवऱ्याने घरून गोळ्यांच्या पाकिटबंद पट्ट्या आणि चिठ्ठी आणून दिली होती. अंमलदार आता नरमले होते, पण म्हणाले, "अर्ज द्या. त्याशिवाय मी कशाच्या जोरावर गोळ्या देऊ? उद्या काही झालं तर विचारतील, कोणी सांगितलं होतं."

अर्ज लिहिणं माझ्या हाताखालचं काम. प्रति, मा. पोलीस निरीक्षक. विषय, अटकेतील भावाच्या औषधोपचाराबाबत. आजाराचं नाव, औषधांची नावं, वेळा, कोणती औषधं देऊ नयेत, पाणी वरचेवर द्यावं, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. मी लिहीत असताना अंमलदारांनी सहज विचारावं तसं विचारलं, "याआधी कधी जिवाचं काही करून घेतलंय का त्यांनी?"

"नाही," मी म्हटलं.

ते उत्तर माझं नव्हतं, घराचं होतं. २०१६ च्या पावसाळ्यात सुहास खाली गेलेला असताना त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला होता. तेव्हा तो गुन्हा होता, भारतीय दंड संहितेचं कलम ३०९. दवाखान्यात पोलीस येतील, केस होईल, पोराचं लग्न व्हायचंय, या भीतीने वडिलांनी डॉक्टरांना सांगितलं की चुकून झालं. तेच मामांना सांगितलं, तेच शेजाऱ्यांना, पुढे तेच मानसोपचारतज्ज्ञांना. नऊ वर्षांत ती गोष्ट एकाही कागदावर आलेली नव्हती. मधल्या काळात २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं, त्याला शिक्षा करायची नाही, उपचार आणि पुनर्वसनाची जबाबदारी सरकारची, असं तो सांगतो. नव्या न्याय संहितेत तर ३०९ उरलंच नाही. पण आमच्या घरात ते कलम लागूच होतं.

अर्जाच्या खाली पाच-सहा ओळींची जागा होती. समोर गजाआड तो चष्म्याशिवाय भिंतीला हात लावत फेऱ्या मारत होता. त्याचा नंबर मोठा आहे, चष्मा नसला की त्याला हाताच्या अंतरापलीकडचं दिसत नाही. मी अंमलदारांचंच बॉलपेन परत मागितलं आणि मुद्दा सहावा लिहिला. कधी, कसल्या मनःस्थितीत, त्याआधी काय काय बोलत होता. 'ही बाब कुटुंबाने आजपर्यंत कोठेही नोंदवलेली नाही,' असंही लिहिलं. आयुष्यात इतकं वाईट अक्षर मी काढलेलं नाही.

त्यांनी वाचलं. मला वाटलं आता विचारतील की मघाशी खोटं का बोललात. काही विचारलं नाही. उठले, लॉकअप गार्डला हाक मारली आणि सुहासला मागच्या खोलीतून काढून टेबलासमोरच्या खोलीत आणायला सांगितलं. त्या खोलीत आधीच दोघे होते, चोरीच्या मोटारसायकलीतले. त्यांना तसंच ठेवलं, "एकटं नको ठेवायला." आतली चादर काढून घेतली. स्टेशन डायरीत नोंद घातली आणि मला वाचून दाखवली. मग माझ्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, वेळ. २३:०५. पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठायचं नाही, एवढं अठरा वर्षांच्या नोकरीने शिकवलंय.

लॉकअप गार्डवर एक हवालदार होते, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले. ते नंतर मला म्हणाले, "ताई, आम्हाला लई धाक असतो. आत माणूस गेला की चौवीस तासांत दिल्लीला मानवी हक्कवाल्यांना कळवायचं, न्यायाधीश चौकशीला येणार, सी.आय.डी. येणार. पाळीवर असलेल्याची नोकरी गेल्यात जमा. म्हणून आम्ही नाडी काढतो, करदोडा काढतो. नाडी काढली म्हणून डोक्यातलं निघत नाही, ते ठाऊक आहे आम्हाला. पण ते काढायला कोण शिकवलंय?" वर कॅमेरा होता. २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आता कोठडीवरही असतो. हवालदार त्याच्याकडे बघून म्हणाले, "तो बघतो सगळं. पण पाणी पाहिजे का, असं विचारत नाही."

पाण्याचाच घोळ होता. आतल्या माठाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, त्यात काहीतरी घातलंय, असं सुहासने धरलं होतं. बाहेर एप्रिलचा उकाडा, आत पंखा वरून गरम हवा ढकलणारा, आणि हा दुपारपासून सलग बोलतोय. मी बाटलीबंद पाणी आणलं. बाटली आत देता येत नाही. हवालदारांनी त्याच्यासमोर सील फोडलं आणि गजांतून त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं, देवळात तीर्थ देतात तसं. दोन ओंजळी प्याला, तिसरीने तोंड धुतलं. पुढच्या ओंजळीवर मी रात्रीच्या गोळ्या दिल्या. दोन मोठ्या, एक लहान. तोंड उघडून हवालदारांना दाखवलं त्याने, शहाण्या मुलासारखं. अंगझडतीच्या यादीपासून इथपर्यंत गोळ्या पोचवायला मला तीन तास लागले होते.

मधेच एकदा तो ओरडला, "मला सोडा नाहीतर मी जीव देईन." तरुण शिपाई म्हणाला, "असं बोलू नका, नव्या कायद्यात गुन्हा आहे तो." त्याचं म्हणणं अर्धवट होतं. सरकारी माणसाला त्याच्या कामापासून अडवण्यासाठी तसा प्रयत्न केला तर २२६ कलम लागतं, नुसतं बोलण्याला नाही. हे मला दुसऱ्या दिवशी वकिलांनी सांगितलं. त्या क्षणी मात्र सुहास एकदम गप्प झाला, आणि बोलण्यापेक्षा ते गप्प होणं मला जास्त लागलं. हवालदारांनाही. त्यांनी खुर्ची गजांजवळ ओढली आणि विचारलं, "मला सांगा, पंढरपूरची पहाटेची गाडी तुमच्या टाईमटेबलात कितीला?" सुरू झाला. पहाटे चारला मी घरी गेले तेव्हा ते दोघे विदर्भात पोचले होते.

त्याआधी, बारा-साडेबाराला, मी ठाण्याबाहेरच्या बाकावर बसून १४४१६ लावला होता. टेलिमानस, सरकारी मानसिक आरोग्याची मोफत हेल्पलाइन, चोवीस तास, मराठीत बोलतात. मला खरं तर फक्त कोणाशी तरी बोलायचं होतं. पलीकडच्या बाईने माझं रडणं ऐकून घेतलं आणि मग कामाचे प्रश्न विचारले. लिथियमची पातळी शेवटची कधी तपासली? (ऑक्टोबर.) पाणी किती पितोय? लघवी होतेय का? गेल्या चार दिवसांत दुसरं कोणतं औषध? त्या शेवटच्या प्रश्नावर मी आईला फोन लावला. आई म्हणाली, अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणून खात होता की मंगळवारपासून. हेल्पलाइनवरच्या बाई म्हणाल्या, हात जोरात थरथरायला लागले, उलटी झाली, तोल जायला लागला किंवा बोलणं जड झालं, तर वाट बघू नका, दवाखाना गाठा आणि रक्तातलं लिथियम बघायला सांगा. मी ते पोचेच्या कागदामागे लिहून घेतलं. पुढची गोळी तूर्त थांबवून डॉक्टरांना विचारा, असंही त्या म्हणाल्या. रात्रीची तर मी देऊन बसले होते.

शनिवारी दुसरा शनिवार, कोर्टाला सुट्टी. पण अटकेपासून चोवीस तासांत न्यायाधीशांपुढे उभं करावंच लागतं, त्यासाठी सुट्टीचं रिमांड कोर्ट असतं. वकील आम्ही केलेला नव्हता. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या एक वकीलबाई तिथे होत्या. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. फुकटातल्या वकिलाबद्दल मी जे ऐकून होते ते विसरायला त्यांना दहा मिनिटं लागली. त्यांनी पहिली गोष्ट विचारली, "कागद काय काय आहेत?" मी पोच, केसपेपर आणि फाईल दिली. पोच वाचून म्हणाल्या, "हे कोणी लिहायला सांगितलं तुम्हाला?" मग जागेवरच हाताने अर्ज लिहायला बसल्या.

बसल्या बसल्या त्यांनी एक गंमत सांगितली, त्यांचाच शब्द. मानसिक आजारी माणूस रस्त्यावर भटकताना किंवा स्वतःला, दुसऱ्याला धोका होईल असा वागताना पोलिसांना दिसला, तर त्याला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं, आणि कोठडीत तर कोणत्याही परिस्थितीत ठेवायचं नाही, असं मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १०० म्हणतं. म्हणजे काच फुटायच्या पाच मिनिटं आधी सुहास त्यांच्या हाती लागता तर कायद्याने तो दवाखान्यात असता. काच फुटली आणि तो आरोपी झाला. माणूस तोच, आजार तोच. गुन्हा सात वर्षांच्या आतल्या शिक्षेचा, नोटीस देऊनही सोडता आलं असतं, असाही मुद्दा त्यांनी मांडला. तो मला मनातून तितकासा पटला नव्हता. त्या अवस्थेत त्याला नोटीस हातात देऊन कोणाच्या भरवशावर सोडणार होते? माझ्या? मी तर तीन आठवडे रोकड जुळवत होते.

सुहासला आत आणलं. न्यायाधीशांनी नेहमीचा प्रश्न विचारला, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का. तो म्हणाला, "पोलीस उत्तम आहेत. ही इमारत मात्र मी विकत घेणार आहे." मागे कोणीतरी हसलं. मी त्याचे हात बघत होते. नेहमी त्याची बोटं जराशी थरथरतात, लिथियमवर असणाऱ्या पुष्कळांची थरथरतात. आज कोपरापासून हात हलत होते, आरोपीच्या कठड्यावर नखं वाजत होती. सगळ्यांना वाटलं भीती. बोलता बोलता जीभ अडखळली आणि तो तिथेच ओकला.

मी कागदाची मागची बाजू वर करून वकीलबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती न्यायाधीशांना वाचून दाखवली. वाचायला अर्धा मिनिट लागला असेल. पोलिसांनी दोन दिवसांची कोठडी मागितली होती, ती मिळाली नाही. न्यायालयीन कोठडी, आणि त्याच मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १०२ खाली जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये दहा दिवसांपर्यंत दाखल करून तपासणी आणि उपचार, 'तात्काळ' हा शब्द वेगळा घालून.

तात्काळला गाडी लागते. कैदी पार्टी, म्हणजे कैद्याला ने-आण करणारं पोलीस पथक, मुख्यालयातून येते आणि त्या दिवशी चैत्री पौर्णिमा होती. हनुमान जयंती, जोतिबाची यात्रा, वर सोमवारच्या चौदा एप्रिलची तयारी. जिल्ह्यातली निम्मी पोलीस माणसं बंदोबस्तावर. दीड तास आम्ही कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसून होतो, सुहास माझ्या मांडीवर डोकं ठेवून, शेजारी शिपाई. आता तो बोलत नव्हता. शेवटी अंमलदारांनीच, त्यांची पाळी कधीच संपली होती, निरीक्षकांना विचारून १०८ ची रुग्णवाहिका बोलावली आणि ठाण्यातलेच दोन शिपाई बसवून दिले.

सिव्हिलमध्ये पुन्हा पहिल्यापासून. नाव काय, काय झालंय, कशात आणलंय. मी पोच दाखवली, आदेश दाखवला, केसपेपर दाखवला. लिथियमची पातळी त्यांच्या लॅबला होत नव्हती, रक्ताची नळी घेऊन माझा नवरा बाहेरच्या लॅबला गेला. रात्री नऊला आकडा आला, १.९. लॅबच्या कागदावर बाजूला छापलेलं होतं, ०.६ ते १.२. दीडच्या वर गेलं की विषबाधेकडे जातं. ड्युटीवरच्या फिजिशियनने मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावला, लिथियम बंद केलं, सलाईन सुरू केलं, मूत्रपिंडाच्या तपासण्या पाठवल्या.

घाम, उकाडा, न प्यालेलं पाणी आणि मंगळवारपासूनच्या दुखण्याच्या गोळ्या. त्यावर शुक्रवारी रात्री अकरा वाजता, भांडून, अर्ज देऊन, सही-शिक्क्यानिशी मी दिलेल्या दोन लिथियमच्या गोळ्या. तीन तास मी त्या गोळ्या आत पोचवायला झगडले. डॉक्टर पोचवायला झगडायला हवं होतं. त्या डॉक्टर मुलीने 'मानसोपचारतज्ज्ञांकडे' असं लिहिलंच नव्हतं, 'नेहमीची औषधे चालू ठेवावीत' एवढ्या ओळीवर मी खूश होऊन परत आले होते. फिजिशियन म्हणाले, दोन गोळ्यांनी एवढं होत नाही, ते चार दिवस साठत होतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ते खरं असेल. मी ते पुष्कळांना सांगते.

पुढचे तीन दिवस तसे सांगण्यासारखे नाहीत. शनिवार, रविवार, सोमवारची जयंती, मानसोपचारतज्ज्ञ प्रत्यक्ष आले मंगळवारी. तोवर फोनवर उपचार चालले, आणि ते बरोबर चालले. सोमवारी पातळी ०.८ वर आली. पहिल्या रात्री त्याच्या एका हाताला सलाईन आणि दुसऱ्या हाताची बेडी कॉटच्या लोखंडाला. सिस्टरने शिपायाला सांगितलं, याला रात्रीत दहा वेळा लघवीला उठावं लागणार आहे, दर वेळी किल्ली शोधणार का? त्यानंतर बेडी निघाली ती पुन्हा लागली नाही. तो शिपाई रात्रभर दाराशी बसून यात्रेचे व्हिडिओ बघत होता.

मंगळवारी डॉक्टर आले. शांत, थोडे चिडके, दाढी वाढलेले. फाईल चाळली, माझा अर्ज वाचला, सहाव्या मुद्द्यावर थांबले. "हे मला सहा वर्षांत सांगितलं नाहीत तुम्ही." ते सुहासला खाजगीतही तपासायचे. मी खाली मान घातली. मग त्यांनी पोलिसांच्या कागदांतली अंगझडतीची यादी बघितली आणि प्रथमच जरा हसले. "लहान गोळ्या सात. घरच्यांच्या हिशेबापेक्षा हा बरा आहे." झोप का उडाली, तो वर कसा गेला, याचं उत्तर त्यांना त्या ओळीत मिळालं. त्यांनी लिथियमऐवजी दुसरं औषध धरलं आणि रात्रीची गोळी बदलली. आपल्यावरचे आरोप त्याला समजतात, वकिलाशी बोलू शकतो, उपचार चालू ठेवणं गरजेचं आहे, असा अहवाल कोर्टाला दिला. सहाव्या मुद्द्याबद्दल ते सुहासशी एकटे तासभर बोलले. काय बोलले ते मी विचारलेलं नाही.

दहाव्या दिवशी जामीन झाला. पंधरा हजारांचा, जामीनदार माझा नवरा, ऐपतीच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे दोन खेपा. वाहकाला भेटायला मी आणि आई जाऊन आलो. त्याच्या बायकोने चहा दिला, तो स्वतः फारसं बोलला नाही, हाताची घडी घालून बसला होता, पट्टी आत. खटला चालू आहे, तारखा पडतायत.

आईशी मात्र महिनाभर अबोला होता. कोठडी, कोर्ट, बेडी यांपैकी कशावरूनही नाही. सहाव्या मुद्द्यावरून. "बापाने एवढी वर्षं झाकलं, तू सरकारी कागदावर घातलंस." तिला मी पोच दाखवली, तिने चष्मा नाही म्हणून वाचली नाही.

मे महिन्यात सुहासच्या वस्तू आणायला ठाण्यात गेले. तो बाहेर स्कूटीपाशी थांबला, आत यायला तयार नव्हता. वेगळे अंमलदार होते, हवालदारांची दुसरीकडे बदली झालेली. कापडी पिशवीतून एकेक वस्तू टेबलावर आली आणि यादीवर टिकमार्क होत गेले. बेल्ट एक. नाड्या दोन. मोबाईल. ३४० रुपये. चष्मा. करदोडा, दोन तुकडे. प्लास्टिकची डबी एक, गोळ्यांसह.

"मोजून घ्या आणि सही करा," अंमलदार म्हणाले. "वस्तू मिळाल्याची पोच लागते आम्हाला."

मी डबी उघडली. मोठ्या आठ, लहान सात. रजिस्टर पुढे ओढलं, सही केली, खाली तारीख आणि वेळ घातली.